मेजापाशी न गेलेले रविवार

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळकसाहेब भाकर मोडतात, मग एकेक बाक उठतो, माणसं पुढे मेजापाशी जाऊन गुडघे टेकतात आणि भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा इवलासा पेला घेऊन परत येतात. सहा-सात महिने माझा बाक उठायचा आणि मी तेवढी बसून राहायचे. आमच्यात कुणी असं बसून राहिलं की त्याचा अर्थ एकच निघतो, हिचं कुणाशी तरी वाकडं आहे आणि मन साफ झाल्याशिवाय ही घेणार नाही. बायकांनी तर्क लढवायला सुरुवात केली. एकीने तर दारातच गाठून विचारलं, "काऊन वो, नवऱ्याशी भांडली काय?" अहो, नवऱ्याशी तर मी रोजच भांडते, त्यासाठी प्रभुभोजन सोडायचं तर लग्नापासूनच सोडावं लागलं असतं! पण या वेळचं माझं भांडण कुणाशी होतं हे मलाच धड सांगता येत नव्हतं. देवाशी होतं, स्वतःशी होतं, की घरी खाटेवर बसून भिंतीकडे पाहत राहणाऱ्या सासूबाईंशी, याचा नुसता गोंधळ होता.

आम्ही पिपरी मेघेत राहतो. मी सेलूच्या एका शाळेत मराठी शिकवते, रोज जाऊन-येऊन असते. सासूबाईंना मी आई म्हणते. आईंना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन मी टोचायचे आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहायचे, कारण आई भारी लबाड. "खातो ना मी, तू जाय," म्हणायच्या आणि माझी पाठ वळली की ताट झाकून ठेवायच्या. स्वतः शेवटी खायचं, तेही उरलं तर, ही त्यांची जुनी खोड. त्यावरून आमची रोज वादावादी चालायची. मी ओरडायचे, त्या हसायच्या, आणि शेवटी पोळीचा एखादा घास माझ्याच तोंडात कोंबून मला गप्प करायच्या.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मात्र आई हटून बसत. तो दिवस त्यांनी लग्नाआधीपासून कडकडीत पाळलेला, पाण्याचा थेंबसुद्धा न घेता. डॉक्टरांनी बजावलं होतं की इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचं नाही म्हणजे नाही, जिवावर बेतेल. त्या वर्षी मी आठवडाभर आधीपासून त्यांच्या मागे लागले होते, आणि कधी नव्हे त्या "बरं माय, खातो" असं म्हणाल्या. मला वाटलं, जिंकलं! त्यात त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. उत्तम शुक्रवारी आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यात पहिल्यांदाच माझी निवड झाली होती, आणि माझ्या वाट्याला आला होता पहिला उद्गार, क्षमेचा. मी लिहून काढलं होतं, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, पांढरी साडी इस्त्री करून ठेवली होती. सकाळी उशिराच आईंना इंजेक्शन दिलं, समोर उपम्याची ताटली ठेवली, पाण्याचा पेला ठेवला. "खाऊन घ्या हं आई," म्हटलं. त्यांनी मान हलवली. मी बसले नाही, तशीच निघाले.

त्यांनी खाल्लं नाही. ताटली झाकून ओट्यावर ठेवली आणि प्रभूसाठी उपास धरला.

मी छान बोलले हो त्या दिवशी. खोटं कशाला सांगू, मंडळीत बायका डोळे पुसत होत्या आणि मला ते समोरून दिसत होतं आणि आवडत होतं. क्षमा मागावी लागत नाही, ती आधीच दिलेली असते, असं काहीतरी मी म्हटलं होतं. कुठून आणलं होतं ते मी, देवच जाणे. पर्समध्ये फोन आवाज बंद करून ठेवलेला होता. यजमान मागच्या दाराशी लोकांना जागा दाखवायला उभे होते, त्यांचाही फोन बंद. तीन वाजता बाहेर पडून फोन पाहिला तर शेजारच्या धोटेकाकूंचे कॉल एकाखाली एक.

धोटेकाकूंचं आणि आमचं पाण्यावरून जुनं भांडण. आमची वरची टाकी भरली की पाणी पाइपातून त्यांच्या अंगणात पडतं आणि आम्ही मोटर बंद करायला उशीर करतो, अशी त्यांची तक्रार, आणि ती खरी आहे. त्या दिवशी नळ आला तेव्हा आईंनी सवयीने मोटर लावली आणि तिथेच शुगर उतरून भोवळ येऊन पडल्या. टाकी भरली, पाणी वाहू लागलं, आणि काकूंनी अंगणात वाळत घातलेल्या मुगवड्यांवर धबाधबा कोसळलं. काकू आजही तो प्रसंग सांगतात तेव्हा आधी वड्यांबद्दल हळहळतात. "मी तं भांडाले गेलती बाई! म्हटलं, आज या मास्तरणीले सोडतच नाई. दार लोटलं तं मायबाई, तुह्या सासूचे डोळे पांढरे!" त्यांनीच गल्ली गोळा केली, ऑटोत घातलं, आईंचं डोकं मांडीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि आम्ही पोचेपर्यंत कॉटजवळ उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती काही लागलं नसतं. पण गेला तेवढा वेळही मेंदूला पुष्कळ झाला होता.

आई घरी आल्या, पण पूर्वीच्या आई आल्या नाहीत. हात धरला तर चालतात, भरवलं तर खातात. कुणाला ओळखतात, कुणाला नाही, कळत नाही. बोलणं एखाद-दुसऱ्या शब्दाचं, तेही केव्हा येईल सांगता येत नाही. मला कधी त्या आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या, बहुतेक वेळा मारायच्याच नाहीत.

माझी खरी पंचाईत इथून सुरू झाली. मंडळीतले लोक भेटायला आले की म्हणायचे, देवाची काय योजना असेल ती त्याला ठाऊक, पण बघा, शेजारीण कशी वेळेवर पाठवली! मी मान डोलवायचे आणि आतून नुसती जळायचे. वड्या भिजवून ज्याला धोटेकाकूंना पाठवता येतं, त्याला त्या जरा आधी पाठवता आल्या नसत्या? की उपम्याचे दोन घास आईंच्या गळी उतरवता आले नसते? यजमान रात्रंदिवस एकच म्हणायचे, "जाऊ दे ना आता, देवाची मर्जी होती." नणंद नागपूरहून आली, तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "वहिनी, आम्ही तुला केव्हाच माफ केलं." चांगल्या मनाने म्हणाली बिचारी. पण मला वाटलं, म्हणजे गुन्हा झालाच होता तर! आता सांगा, देवाची मर्जी होती तर माफी कशाची? आणि माझी चूक होती तर ती देवाच्या गळ्यात कशाला बांधायची? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील? आणि आईंनी मला सरळ फसवलं होतं, त्याचं काय? बोलता न येणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर रागावायचं तरी कसं? मी रागवायचेही, आणि मग त्यांचे पाय चेपत रडत बसायचे.

पाळकसाहेबांना मी एकदा हे सगळं बोलून दाखवलं, जरा चढ्या आवाजातच. ते शांत माणूस. म्हणाले, "बाई, प्रभूने क्षमा केलेली आहे, तुम्हीच हात पुढे करत नाही." मी म्हटलं, "साहेब, ज्यांचं नुकसान झालं त्या घरी बसल्यात. त्यांना विचारल्याशिवाय प्रभू परस्पर कशी क्षमा करतो?" ते मान हलवून मला दारापर्यंत सोडायला आले. मला वाटलं, निरुत्तर केलं. मी घरी आले आणि दिवसभर उदास होते, कारण त्यांनी मला उत्तर द्यावं अशीच माझी फार फार इच्छा होती. प्रार्थना मी सोडली नव्हती. पण प्रार्थनेला बसलं की आईंनी मला ओळखून एकदा माफ केलं म्हणावं, एवढंच तोंडात यायचं. ते झालं तरच मी मेजापाशी जाईन, असं मी देवाला बजावून ठेवलं होतं. देवालाही अटी घालणारी मी.

जे आजारी उपासनेला येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन जातात. आमच्याकडे ते आले ते पावसाळा संपल्यावर, एका शनिवारी सकाळी. आल्या आल्या यजमानांनी हळूच विचारलं, "साहेब, आईला काहीच समजत नाही. असं दिलेलं चालते का?" साहेब हसले. म्हणाले, "आपल्याला तरी कितीसं समजतं?" त्यांनी स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला, डबी उघडली, प्रार्थना केली. मी आईंना धरून खाटेवर बसले होते. तेवढ्यात धोटेकाकू आईंसाठी वाटीत वरणाचं पाणी घेऊन आल्या आणि हे चाललेलं पाहून दारातच पदर डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी यजमानांना दिलं. मग माझ्याकडे पाहिलं, मी नेहमीसारखी मान हलवली. मग त्यांनी भाकरीचा तुकडा आईंच्या तळहातावर ठेवला. आईंनी तो बराच वेळ न्याहाळला. मी म्हटलं, "आई, खा ना." त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. कित्येक दिवसांत त्यांनी असं सरळ माझ्याकडे पाहिलं नव्हतं. तुकडा उचलला आणि माझ्या तोंडापाशी आणला.

"घे."

मी घाबरले. "नाही आई, तुमचा आहे तो. तुम्ही घ्या." मी त्यांचा हात बाजूला केला. त्यांनी पुन्हा आणला. मी पुन्हा मान फिरवली. तेव्हा आई चिडल्या, पूर्वी ताटावरून चिडायच्या अगदी तशाच, आणि स्पष्ट बोलल्या, "घे म्हणतो ना! उपाशी काऊन राह्यली?"

मी पाळकसाहेबांकडे पाहिलं, काहीतरी सांगा म्हणून. ते खाली बघत होते. आईंचा हात तसाच वर होता. दारातून धोटेकाकूंचा आवाज आला, त्यांना ना प्रभुभोजन ठाऊक ना माझ्या अटी ठाऊक. "घेऊन घे ना वो बाई. म्हाताऱ्या मानसाचा हात असा परतवू नाई."

मी तोंड उघडलं. आईंनी तुकडा आत कोंबला, बोट दातांना लागलं. मी इतकी रडले की तो गिळता गिळेना. साहेबांनी दुसरा तुकडा काढून आईंना दिला आणि तो त्यांनी निमूट खाल्ला. मग त्या पुन्हा भिंतीकडे पाहू लागल्या.

त्या सकाळी त्यांनी मला ओळखलं होतं का? की समोर कुणीतरी उपाशी बसलंय एवढंच त्यांना दिसलं आणि जुन्या सवयीने त्यांनी भरवलं? मी पुष्कळ विचार केला. नंतर विचारूनही पाहिलं, उत्तर मिळालं नाही. ती क्षमा होती हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, स्वतःलाही नाही. देवाची मर्जी आणि माझी चूक यांचा मेळ अजून बसलेला नाही, आणि तो बसेपर्यंत थांबायचं तर जन्म जाईल. एवढं मात्र झालं की देवाला घातलेली अट माझ्या लक्षातही राहिली नाही. आईंनी 'माफ केलं' म्हणावं याची मी वाट बघत होते, आणि त्यांनी ते न म्हणताच मला खायला घातलं.

पुढच्या पहिल्या रविवारी बाक उठला तेव्हा मीही उठले. मागून कुजबुज झाली असेल, होवो. मेजापाशी गुडघे टेकले तेव्हाही माझ्या मनात काहीच साफ नव्हतं. मी मनात म्हटलं, प्रभू, मला हे कळलेलं नाही, आणि मी याच्या लायक आहे असंही मला वाटत नाही, पण तुझा हात मी आता परतवणार नाही. आणि दोन्ही हात पुढे केले.