दोघांमधली वीट

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून वीट तापवली. पौषातला गारठा, चुलीत लाल निखारे, पार्बतानं चिमट्यानं वीट ओढली आणि मी तिचं जुनं लुगडं पसरून धरलं... गुंडाळताना करपलेल्या सुताचा, त्याखालून जुन्या गंधकाचा वास घरभर पसरला. "बोट पोळन तुयं, सरक तिकडं," ती म्हणाली. चारचौघांत ती मला अजी म्हणायची. दार लागलं की तू. बायको माझी, पण त्याआधी माझ्या मामाची पोर.

वीट अंथरुणात दोघांच्या पायांमध्ये ठेवायची. रात्री केव्हातरी ती पायानं माझ्याकडे ढकलायची. सकाळी वीट माझ्याच बाजूला. विचारलं तर म्हणे, "तूच ओढून घेते, चोट्टा कुठला."

ती वीट आमच्या लहानपणाची. घुग्घुसकडच्या आमच्या गावामागं एक बंद पडलेली खाण होती आणि तिच्यातला कोळसा आपोआप पेटून वर्षानुवर्षं आतल्या आत जळत होता. थंडीच्या पहाटे साऱ्या शिवारावर दव पडे, तुरीचे शेंडे पांढरे होत, पण त्या एका पट्ट्यावर थेंब टिकत नसे. गवत नाही, पाखरू नाही, नुसती काळी माती, तिच्या भेगांतून निघणारा बारीक धूर — आणि गावची सारी कुत्री तिथं पोट टेकून पसरलेली, मेल्यासारखी. अनवाणी पाय ठेवला की खालून ऊब चढायची, झोपलेल्या जनावराच्या अंगाची चढावी तशी.

पार्बता थंडीत आमच्याकडे राहायला येई. एकदा तिनं त्या जमिनीला कान लावला.

"आत कोनीतरी श्वास घेऊन राह्यलं."

"कोळसा जळून राह्यला, येडे."

म्हटलं खरं, पण माझ्याही अंगावर काटा आला होता. खाणीजवळच्या पडक्या भट्टीची एक वीट तिनं भेगेत तापत ठेवली आणि परकरात गुंडाळून घरी आणली. रात्रभर निवली नाही.

त्याच थंडीत शेजाऱ्याची बकरी ऊब शोधत त्या पट्ट्यावर गेली आणि जमीन खचली. आवाज झाला नाही. थोड्या वेळानं भाजल्या मांसाचा वास गावात आला... मग आम्हाला तिकडे जायची बंदी झाली. वीट तेवढी राहिली.

मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातलं एकच डोक्यात राहिलं. मास्तर म्हणाले होते, ऊब गरम वस्तूतून थंड वस्तूत जाते, दोन्ही सारख्या होईस्तोवर. आपणहून उलटी येत नाही. त्या रात्री अंथरुणात पार्बताला ते सांगितलं तर तिनं पाय झटकले.

"मंग त्या खालच्याची ऊब आपल्यात शिरून राह्यली म्हन ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा वीट माझ्याच बाजूला होती, अजून कोमट. पार्बताचा पाय लागला. तो विटेहून थंड होता. मी हाक मारली नाही. कळायचं ते कळलं होतं.

उठलो. चूल पेटवली, वीट लाल होईस्तोवर बसून राहिलो, थोडी निवू दिली, लुगड्यात गुंडाळून तिच्या पायांशी ठेवली, वरून वाकळ नीट खोचली. मगच शेजारच्या बाईला बोलावलं. तिनं वाकळीत हात घातला आणि किंचाळली.

"भाऊ! पाय गरम हायेत! जित्ती हाय ना बाई!"

किंकाळी ऐकून आजूबाजूची माणसं आत धावली. मी बाईचा हात धरून पार्बताच्या कपाळावर ठेवला. मग वाकळ वर करून वीट दाखवली.

"काऊन असं केलं, भाऊ?"

वीट निवत आली होती. ती उचलली आणि पुन्हा चुलीत ठेवली.