न दुखणारा पाय

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी यावलहून जळगावची एसटी धरायचे आणि दुपारी एकच्या सुमारास एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत डावा पाय उघडा टाकून पडायचे. नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. खोलीत एक लोखंडी खाट, एक टेबलफॅन आणि मुंबईत शिकून आलेली तरुण डॉक्टरीणबाई. लोक तिला शेकवाली म्हणत, कारण तिच्याकडे सगळे गुडघे नाहीतर मान शेकायलाच येत.

माझा गुडघा ठणठणीत होता, मानही. माझं दुखणं वेगळं होतं: मला लघवी धरवत नसे. हे एवढं वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. तेव्हा वय चाळिशीचं. लग्न केलेलं नाही, बाळंतपण नाही, तरी हे. लागली की लगेच, दोन मिनिटांची सवड नाही. तपासण्यांत काही निघालं नाही. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडली, बाकी सगळं होतं तसंच. शेवटी बायकांच्या डॉक्टरांनी या शेकवालीकडे धाडलं. तिने कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं, की पायाच्या नसेला बारीक करंट दिला तर लघवीची पिशवी शांत होते.

"पायाला?" मी विचारलं. मी गणिताची शिक्षिका. कोणी काहीही सांगितलं की आधी सिद्ध करून दाखव म्हणायची मला खोड.

"मॅडम, एकाच डीपीवरून दोन घरांना लाईन जाते ना, तसं. पायाची नस आणि पिशवीची नस पाठीच्या कण्यात एकाच ठिकाणाहून निघतात. इकडून काही केलं तर तिकडे पोचतं. पण गुण येईलच असं मी म्हणणार नाही. बारा वेळा करून बघू."

गुण येईलच असं म्हणणार नाही म्हणाली, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, एक काळी रबरी पट्टी ती चिकटवी आणि दुसरी थोडी वर. डब्याचं बटण हळूहळू फिरवी. आधी मुंग्या येत, मग तळव्यात झिणझिण्या, आणि मग पायाचा अंगठा आपला आपण हलायला लागे. अंगठा हलला म्हणजे नस सापडली. अर्धा तास तो अंगठा माझ्या हुकमाशिवाय नाचत असे आणि मी छताकडे बघत पडलेली असे. मधेच वीज गेली तर तोही थांबे. मग ती माझा पाय पुसून ठेवी आणि आम्ही वीज यायची वाट बघायचो. आठवडाभरात मला माणसाचा हात लागे तो तेवढाच. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

खोटं बोलले ते बाहेर. दर शनिवारी कुठे जाता, असं शाळेत विचारलं तेव्हा मी म्हणाले, "पायाला करंट घेते." बस्स, काम झालं! मशीन पायालाच लागत होतं, म्हणजे अर्धं खरंच होतं. मुख्याध्यापकांनी मला खालच्या मजल्यावरचे वर्ग दिले. कोणी एरंडाची पानं आणून दिली, कोणी मोहाचं तेल. सगळे कसे मायेने वागायला लागले. याच लोकांत आदल्या वर्षापर्यंत मी गर्विष्ठ म्हणून ठरले होते, कारण मी कोणाच्या हळदीला जात नसे, कोणाकडे चहा घेत नसे, सहलीला तर नाहीच नाही. लंगडायला मात्र लागायचं, आणि कोणता पाय लंगडायचा ते मी विसरून जायचे.

पण मी बारा शनिवार गेले ते शाळेसाठी नाही, अक्कासाठी.

अक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच मला न्हाऊ-माखू घातलं, तिनेच शिकायला धाडलं. ती दिली होती पिंपळनेरला. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान, आमचे दाजी, वारले, आणि मी तिच्या दारावर गेले नाही. आमच्या खान्देशात मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. लग्नाला नाही गेलं तर एक वेळ चालतं. दारावर नाही गेलं तर नातं तुटतं. बायका अंगणापासून रडत येतात, जिचं माणूस गेलं तिच्या गळ्यात पडतात, आणि मग सगळ्या एकमेकींना धरून जमिनीवर दाटीने बसतात. खुर्चीवर कोणी बसत नाही. मधून कोणी उठत नाही. मला या उठत नाहीची धास्ती होती. त्याआधी यावल ते जळगाव, जळगाव ते धुळे, धुळे ते पिंपळनेर, अशा तीन एसट्या. कपड्यांची पिशवी भरून मी स्टँडपर्यंत गेले आणि घरी परत आले.

वर चूक केली ती अशी, की पत्र लिहिलं: रजा मिळाली नाही. मे महिना होता. शाळेला सुट्टी लागलेली असते हे अक्काला काय कळत नव्हतं? तिने उत्तर पाठवलं नाही. तीन वर्षं नाही. मी राखीपौर्णिमेला, दिवाळीला पत्रं टाकत राहिले. संध्याकाळी पोस्टमन पुढच्या घराकडे वळला की मला रडू यायचं.

सातव्या शनिवारनंतर मला लागोपाठ दोन तास घेता आले. नवव्यानंतर जळगावहून परतताना मी एसटीत खिडकीशी बसून चक्क केळीच्या बागा बघितल्या. एरवी माझं लक्ष फक्त रस्त्यावर आणि घड्याळावर. अगदी बरी नाही झाले मी, पण निम्म्याहून जास्त. आणि तेवढ्यात भाच्याचं पत्र आलं: दिवाळीनंतर आईला कायमचं सुरतला नेतोय, पिंपळनेरचं घर बंद करतोय.

दिवाळीच्या सुट्टीत मी निघाले. सकाळी पाणी प्यायले, मुद्दाम प्यायले, आणि धुळ्यापर्यंत मला एकदाही जावं लागलं नाही. साक्रीच्या रस्त्याला मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. सगळं सांगायचं ठरवलं होतं, लघवी हा शब्दसुद्धा उच्चारायचा.

अक्का दारातच होती, केस सगळे पांढरे झालेले. तिने माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. ती माझ्या पायांकडे बघत होती.

"तुना पाय कसा शे?" तिने विचारलं.

माझ्या शाळेतल्या एका बाईंचं सासर साक्रीचं. पायाची बातमी माझ्याआधी पोचली होती.

"बरा शे," मी म्हणाले.

"दारवर बठ्ठा लोक उनात व्हतात, तूच उनी नही. मी किती वाट देखी! पाय दुखस, इतलं लिखी टाकती तं मी राग धरती का? रजा नही म्हने! मास्तरीण ना तू, तुले खोटं बी नीट लिखता ये नही."

आणि ती हसली. तीन वर्षांनी हसली. मला पाटावर बसवलं, वाटीत तेल कोमट करून आणलं आणि माझा डावा पाय मांडीवर घेतला. तिचा अंगठा घोट्याच्या आत, हाडामागे, बरोबर त्या जागी टेकला जिथे पट्टी लागायची.

"आठे दुखस का?"

आता सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण ती इतक्या मायेने चोळत होती, की दुखत नाही असं म्हटलं तर तिने पाय खाली ठेवला असता. मला ते सोसलं नसतं.

"हां," मी म्हणाले, "आठेच."

अक्का सुरतला गेली. दर पत्रात पहिली ओळ पायाची: पायाला जप, जिने चढू नको, थंडीत मोजे घाल. मीही रीतसर उत्तरं देत राहिले, आज जरा ठणकतोय, आज बरा आहे. पुढच्या पत्रात सांगू, म्हणत चार-पाच वर्षं गेली, आणि एका सकाळी भाच्याची तार आली.

या वेळी मी गेले. सुरतची गाडी धरली, पत्ता शोधला, आणि अंगणापासून रडत आत शिरले. खोलीत आमच्याकडच्या पंधरा-वीस बायका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून जमिनीवर बसल्या होत्या. मी त्यांच्यात बसायला वाकले, तशी भाच्याची बायको धावत आली आणि तिने मला दंडाला धरून उभं केलं.

"खाली नका बसू मावशी. सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं, माझ्या बहिणीचा पाय दुखतो, ती आली की तिला खुर्ची द्या."

तिने भिंतीशी खुर्ची ठेवली. मी बसले. सगळ्या बायका खाली एकमेकींना धरून अक्कासाठी रडत होत्या, आणि मी वर, एकटी, दोन्ही पाय सरळ टेकवून रडत होते. तासभर मला एकदाही उठावं लागलं नाही.