बनाबाईचे खडे

एखाद्याची बढाई पोकळ निघाली की लोक 'फुसका बार' म्हणून हसतात. हसोत बापडे, त्यांनी कधी विहीर खोदलेली नसते. आमच्या येडशीकडच्या काळ्या पाषाणात सुरुंगाशिवाय पहार चालत नाही. पेटवलेल्या सहांपैकी एक सुरुंग उडालाच नाही, तर तो तिथंच दगडात दबा धरून बसतो. दुसऱ्या दिवशी कोणाची तरी पहार त्याच्यावर पडेपर्यंत.

बाहत्तरच्या दुष्काळात गावोगाव विहिरी निघाल्या, तेव्हाची ही गोष्ट रेवणप्पाची आहे. मीही तिच्यात आहे, पण माझा भाग सांगायची मला लाज वाटते. तो यायचा तेव्हा येईलच.

रेवणप्पा रेडिओ दुरुस्त करायचा. चौथीत शाळा सुटलेली, पण रेडिओच्या पोटात काय दुखतंय ते त्याला नुसत्या खरखरीवरून कळायचं. त्याच्या टपरीमागंच गोरोबाच्या टोळीनं विहीर धरली होती. गोरोबाची आई बनाबाई रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर येऊन बसायची, आणि तिचं काम एकच होतं. जितक्या वाती पेटल्या तितके खडे ती पदरात घ्यायची आणि दर आवाजाला एक खडा फेकून द्यायची. सगळे आवाज झाल्यावर पदरात खडा उरला, तर दुसऱ्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही. मुकादम आरडाओरडा करायचा. "माज्या पदरात खडा हाय," एवढंच ती म्हणायची, आणि तिथं विषय संपायचा.

अडचण अशी की कधीकधी दोन बार एकदमच उडायचे. कानाला आवाज एकच यायचा, खडा उगाच उरायचा आणि टोळी दिवसभर हात चोळत बसायची. ते बघून रेवणप्पा कामाला लागला. एका खोक्यात जुन्या रेडिओंचे भाग, त्याला लांब काठी, काठीच्या टोकाला ताटाएवढं तारेचं वेटोळं आणि कानाला लावायचा हेडफोन. खाली धातू आला की हेडफोनमधली शिट्टी बदलायची. पण आमच्या दगडातच लोखंड, त्यामुळं यंत्र जिथं ठेवावं तिथं बोंबलायचं. आठ महिने रेवणप्पा त्याच्याशी झुंजला. शेवटी सुरुंगाच्या प्रत्येक कांडीला तांब्याच्या तारेचे चार वेढे द्यायचे आणि दगडाचा आवाज आधी बटणानं बसवून घ्यायचा, अशी युक्ती त्याला सापडली. त्या हंगामात यंत्रानं तीन फुसके बार दाखवले. तीन माणसं जगली, असा हिशेब मी तरी करतो.

यंत्राचं नाव त्यानं ठेवलं बनाबाई. खोक्यावर लाल रंगानं लिहिलंसुद्धा.

"मेल्या, खोक्याला माजं नाव?" म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

"दोगी बी फुसका बार सोडत न्हाईत, मावशी," रेवणप्पा म्हणाला.

"आये, आता ही बनाबाई बगंल. तू घरी बस," गोरोबानं सांगितलं. म्हातारी घरी बसली. खडे मोजणं तेव्हापासून बंद झालं.

गावात आमची औद्योगिक सहकारी सोसायटी होती. आबाराव चेअरमन, मी चिटणीस. आबाराव आणि रेवणप्पा लहानपणापासून एका ताटात जेवलेले. एक दिवस आबाराव वर्तमानपत्र नाचवत टपरीवर आला. सरहद्दीवर शत्रूनं पेरलेले सुरुंग हुडकायला लष्कराला साधनं हवी होती आणि लहान कारखान्यांकडून संशोधन मागवलं होतं.

"हिरीतला सुरुंग काय आन् सरहद्दीवरला काय," आबाराव म्हणाला. "रेवण्या, तुजं नाव दिल्लीपतूर जातंय बघ."

रेवणप्पा त्या दिवशी जेवलाही नाही, इतका हरखला होता.

अर्ज सोसायटीच्या नावानं, मराठीत होता. त्यात एक ओळ होती, 'शोधकाचे नाव'. आता शोधक म्हणजे ज्यानं शोध लावला तो. पण रेवणप्पाला वाटलं, जो सुरुंग शोधतो तो शोधक. म्हणजे यंत्र. त्यानं जिभेचं टोक बाहेर काढून ठळक अक्षरांत लिहिलं: बनाबाई.

मी शेजारीच बसलो होतो, पेनही माझंच होतं. चूक मला तिथल्या तिथं कळली. आबारावलाही कळली, कारण त्यानं आधी कागदाकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या चिटणीस," तो म्हणाला. "हौसेनं लिवलंय त्यानं."

मी राहू दिलं. माझी चिटणीसकी आबारावच्या मर्जीवर होती. हा माझा भाग.

पुण्याला चाचणी होती. दोघांनी गुरुवारच्या गाडीनं जायचं ठरलं. रेवणप्पा धुतलेलं धोतर नेसून येडशी स्टेशनवर गेला, तर आबाराव आदल्या दिवशीच एस.टी.नं गेलेला. सोसायटीत बांधून ठेवलेलं यंत्र नेलं, त्याची मापं लिहिलेली वहीही नेली. 'आठ दिवसांत आणून देतो' एवढा निरोप स्टेशनमास्तरपाशी होता.

"घाई आसंल त्याला," रेवणप्पा मला म्हणाला. त्याच्या मनात काडीचा संशय नव्हता. तेच मला सहन झालं नाही, पण तरी मी गप्पच.

आठाचे पंधरा झाले, पंधराचे बावीस. दुसरं यंत्र करायला घे, असं लोक म्हणायचे. "येतंय की आज-उद्या," तो म्हणायचा. मित्रानं शब्द दिलेला असताना दुसरं यंत्र करणं म्हणजे त्याला खोटं पाडणं, असं त्याला वाटत असावं.

तेविसाव्या दिवशी गोरोबाच्या टोळीनं सहा वाती पेटवल्या. आवाज कुणी सहा म्हणालं, कुणी पाच. काठावर खडे घेऊन बसलेलं कुणी नव्हतं.

"दोन संगट उडालं आसतील," म्हणत गोरोबा सकाळी खाली उतरला.

त्याला चादरीत बांधून वर काढलं. बनाबाई आली तेव्हा रेवणप्पा विहिरीच्या काठावर भिंतीसारखा उभा होता.

आबाराव तिसऱ्या महिन्यात परतला, रिकाम्या हातानं. यंत्र पुण्याच्या एका कारखान्यानं घेतलं होतं आणि आबाराव त्यात भागीदार झाला होता.

"आठ दिस म्हनला हुतास," रेवणप्पा म्हणाला.

"गोरोबाचं वाईट झालं. पर कागदावर तुजं नाव कुटं हाय? तूच बनाबाई लिवलंस. इचार चिटणीसाला."

रेवणप्पानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. त्याला जे कळायचं ते कळलं.

पुढं सोसायटीच्या पत्त्यावर एक प्रशस्तिपत्र आलं. 'शोधक श्रीमती बनाबाई' यांचं देशाच्या संरक्षणकार्यातल्या योगदानाबद्दल अभिनंदन. चिटणीस म्हणून ते मलाच तिच्या दारात वाचून दाखवावं लागलं.

"म्हंजी काय म्हन्त्यात?" तिनं विचारलं.

"सुरुंग हुडकायचं यंत्र तुम्ही शोधलं, म्हणतात."

तिनं कागदावर बोट टेकवलं. "मग माज्या गोरोबाच्या पहारीखालचा मला कसा घावला न्हाय?"

मी प्रशस्तिपत्राची घडी घातली आणि तिथून तडक रेवणप्पाकडं गेलो. चूक मला त्याच दिवशी कळली होती, हे सांगून टाकलं. तो बुक्क्या मारेल, निदान शिव्या देईल, असं वाटलं होतं. टपरी त्यानं बंद केली होती. विहिरीचं काम नव्या टोळीनं धरलं होतं आणि तो काठावर पदराऐवजी धोतराच्या सोग्यात खडे घेऊन बसला होता. यंत्र त्यानं पुन्हा केलं नाही, कधीच नाही.

खाली वाती पेटल्या, माणसं दोराला धरून वर आली. रेवणप्पानं बाजूला सरकून मला जागा दिली आणि माझ्या ओंजळीत सहा खडे मोजून ठेवले.

"तुमी बी मोजा, चिटणीस," तो म्हणाला. "पर मनात नगं. मोठ्यानं."