कमी खाण्याचं शास्त्र

अनुसयाला साखरेचा आजार निघाला तेव्हा तिने चाळिशी नुकतीच ओलांडली होती. दवाखान्यातल्या माणसाने तिच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि केसपेपरवर वय टाकलं साठ. तिने दुरुस्त केलं नाही. सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत तिच्याच वयाच्या बायका तिला आजी म्हणत.

खानदेशातल्या पारोळ्याकडच्या तिच्या गावात बहात्तरच्या दुष्काळात मिलोची, अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी मिळायची, तीही अर्धी. लग्नानंतर नवऱ्याबरोबर, दगाबरोबर, सुरतेला आली. दगा कापड विणायच्या लूमवर, ती साड्यांना लेस लावायच्या कारखान्यात. आधी दगा जेवायचा, मग पोरगी, आणि तव्यावर उरेल ते तिचं. त्यात काही त्याग वगैरे नव्हता. तिथे तसंच होतं.

डॉक्टरने गोळी दिली आणि बजावलं, "गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. साखर एकदम खाली येते." कारखान्यात चार वाजता सगळ्यांना चहा आणि गाठिया मिळत. त्यावर तिची संध्याकाळ निभत असे.

पोरगी वर्षा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. नव्याण्णव सालच्या डिसेंबरात ती घरात शिरली तीच बोलत. "माय, आमच्या सरांनी बडोद्याहून अमेरिकेतलं नवीन संशोधन आणलंय. पाव फुगवायचं यीस्ट असतं ना, त्याच्यात सर-टू नावाचं जनुक आहे. ते एक जास्तीचं घातलं की यीस्ट जास्त जगतं. माणसातही तसलीच प्रथिनं सापडलीत, सिर्टुइन म्हणतात. आणि उंदरांना कमी खायला दिलं तर तेही जास्त जगतात. सरांना वाटतं, या दोन गोष्टींचा संबंध असणार."

अनुसया पीठ मळत होती. हात थांबवून म्हणाली, "कमी खाईसन जास्त जगतस? मंग मी ते मराले नको."

वर्षा हसली. माय हसत नाहीये, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

महिनाअखेरीस व्यापाऱ्यांच्या एका मंडळात सरांचं भाषण ठरलं. वर्षाला दहा मिनिटं बोलायला मिळाली. अनुसया ठेवणीतली साडी नेसून मागच्या रांगेत बसली. पोरगी चुरचुरीत गुजरातीत बोलत होती, लोक माना डोलावत होते. पुढच्या रांगेत अनुसयाच्या कारखान्याचे शेठ होते. शेवटी टाळ्या मिळतायत म्हणून वर्षाला चेव आला आणि ती म्हणाली, "पोट थोडं रिकामं ठेवा, शरीर स्वतःच स्वतःची दुरुस्ती करतं." सभा संपल्यावर श्रीखंड-पुरी होती. सगळे पोटभर जेवले.

पुढच्या सोमवारी चारचा नाश्ता बंद झाला. नुसता अर्धा कप चहा, तोही बिनसाखरेचा. शेठ बायकांसमोर उभे राहून हसत हसत म्हणाले, "कम खाओ, लंबा जियो. अनुसयाबेन की बेटी ने ही सिखाया." सगळ्या बायकांनी वळून अनुसयाकडे बघितलं. त्या दिवसापासून कुणी तिच्याशी धड बोललं नाही.

गोळी मात्र ती घेतच होती. त्याच आठवड्यात संध्याकाळी मशीनवर तिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले. शेजारच्या कुसुमने हाक मारली, पण अनुसयाला आपलंच नाव ओळखू येईना. ती बाजूला कोसळली आणि मशीनच्या लोखंडी पायावर कपाळ आपटलं. कुसुमने कुठूनतरी गूळ आणून तिच्या तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी वर्षा तरातरा शेठकडे गेली. "ते सगळं यीस्टवरचं आहे, उंदरांवरचं आहे. उंदरांना अन्न कमी देतात, पण जीवनसत्त्वं पुरी देतात. ही माणसं आधीच अर्धपोटी आहेत. माझ्या आईला मधुमेह आहे. माणसांबद्दल अजून काही सिद्धच झालेलं नाही!"

"तो उस दिन क्यों नहीं बोली?" शेठने शांतपणे विचारलं. मग ते म्हणाले, "बीमार औरत को मशीन पे नहीं बिठा सकता. कल को मर गई तो?"

असं अनुसयाचं काम गेलं. वर्षाने सरांना सांगितलं. त्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं आणि संक्रांतीनंतरच्या भाषणासाठी तिच्याऐवजी दुसरी मुलगी घेतली.

आता अनुसया घरीच साड्यांवर टिकल्या चिकटवते. साखरेने डोळे अधू झालेत, टिकली ओळ सोडते, अर्धी साडी परत येते. वर्षा मदतीला बसली की ती पदर ओढून साडी आपल्याकडे घेते.

एकदा वर्षाने न राहवून विचारलं, "माय, माझ्यावर राग आहे ना?"

अनुसयाने ओळ सोडलेली एक टिकली नखाने सोलून काढली. "तू चांगलं बोलनी व्हती," ती म्हणाली. "मी बी टाळ्या वाजाड्यात." आणि डिंकाची वाटी जवळ ओढून तिने पुढची टिकली उचलली.