चार वाट्यांची ताटली

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. फोन माझ्या सुनेनं, वर्षानं घेतला. ऐकलं, "बरं" म्हणाली, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडली. पण "कशानं गेल्या?" हे तिनं विचारलंच नाही. तुम्हीच सांगा, अकोल्याहून दर रविवारी हसतखेळत येणारी बाई अचानक गेली असं कळल्यावर माणूस पहिलं काय विचारतो? पिठाचे हात तसेच धरून मी म्हटलं, "तुले माईत होतं?" ती म्हणाली, "हाव, आई." त्या सकाळी माझ्या जिवाभावाच्या दोघी गेल्या. एक अकोल्यात, एक माझ्या स्वयंपाकघरात... दुसरी आता हळूहळू परत येते आहे.

नलू आणि मी अंजनगाव सुर्जीच्या शाळेत एका बाकावर. ती शिकून गुरांची डॉक्टर झाली, अकोल्याला शिकवू लागली आणि उभा जन्म गायीच्या कासेत डोकं घालून बसली. जुनाट कासदाह हा तिचा विषय. आपल्याकडे त्याला दगडी म्हणतात. मी अमरावतीच्या कडेला गोठेवाल्या घरात सून म्हणून आले आणि आल्या आल्या स्वतःला गायींची महाराणी समजू लागले. माझी ऐट काय, तर एक पांढराशुभ्र फडका! रोज उकळायचा आणि धार काढण्याआधी सगळ्या गायींची कास त्यानंच पुसायची. नलूनं पहिल्यांदा पाहिलं आणि हात जोडले. "वा व बाई! रोगाले एका गायीवरून दुसरीवर जायले रिक्षा लावून देली तू." मी अशी फणफणले की तिला चहासुद्धा विचारला नाही. ती गेल्यावर मात्र फडक्याचे तुकडे केले, गायीगणिक एक. महाराणीनं हे कुणाला कळू दिलं नाही.

त्यानंतर तिची ताटली आली. प्लास्टिकची, तिच्यात चार वाट्या, चार सडांच्या. प्रत्येकीत जराशी धार घ्यायची, साबणासारखं औषध ओतायचं आणि ताटली गोल गोल फिरवायची. दूध निरोगी असेल तर पातळच राहतं. आत दुखणं असेल तर शेंबडासारखं घट्ट होतं. आमची मैना तेव्हा भरल्या अंगाची, चारा खाणारी, कासेला सूज नाही, दूध पांढरंफेक. तरी एका वाटीत तार धरली. मी म्हटलं, "ही त चांगली दिसून राहिली!" नलू म्हणाली, "चांगली दिसते, म्हणून त वांधा हाय."

मग उपड्या बादलीवर बसून तिनं मला शिकवलं. रोगजंतू कासेत शिरला की शरीर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर धाडतं. दूध घट्ट होतं ते त्यांच्याच गर्दीनं. पण दुधात आल्यावर त्या पेशी दुधातली चरबीही गिळतात आणि सुस्त होतात. "म्हंजे पोलीस धाडले अन् ते साय खात बसले?" असं मी विचारलं तर ती इतकी हसली की बादली घसरली. मग हसू आवरून म्हणाली, "काही जंतू त याच्याहून बेरकी. पेशी त्याले गिळते, पण तो मरत नाही. तिच्याच पोटात राहते. औषध बाहेरून येते, बाहेरूनच जाते. वर्षानुवर्षं असंच... ना शरीर जिंकत, ना तो."

हे ऐकून तरुणपणीच्या या शहाणीनं काय करावं? रोज पहाटे मैनेच्या गळ्यात पडून रडावं! लिंबू उतरव, अंगारा लाव, पुन्हा रड. गाय बावरली, पान्हा चोरू लागली. दुखरा सड नीट रिकामा व्हायला हवा होता, तोच माझ्या मायेनं तुंबला. नलू कडाडली, "गाय बिमार हाय, मेली नाही! तुह्या तोंडाकडे पाहून तिले वाटते आपण मेलो." शेवटी तो सड आटवला आणि मैना तीन सडांवर कितीतरी वर्षं मजेत जगली.

नलूची तेरवी झाल्यावर वर्षानं सगळं सांगितलं. कर्करोग होता. रविवारी नलू माझ्याकडे मुक्कामी यायची. सोमवारी "मावशीले ठेसनावर सोडून येतो" म्हणत वर्षा तिला स्कूटीवर घेऊन जायची, ती दवाखान्यात. सलाइन संपलं की दुपारच्या गाडीनं नलू अकोल्याला. मी वाटेसाठी ठेचा-भाकर बांधून द्यायची, ती म्हणायची आजकाल तिखट सोसत नाही, आणि मी म्हणायची, "पुण्याची झाली का व?"

"मले कावून नाही सांगतलं?" मी वर्षाला विचारलं. "मावशी म्हणे, एक घर त असं पायजे जिथं मले कोणी मैनेसारखं पाहणार नाही."

खरं आहे. मी रडलेच असते. पण तो माझा हक्क होता ना! जंतू कुठं लपतो हे मला शिकवणाऱ्या बाईनं आपलं दुखणं लपवायला माझंच घर निवडलं, माझ्याच सुनेला हाताशी धरलं. त्या शेवटच्या रविवारी ताटलीत ओतताना तिच्याकडून औषध सांडलं. मी खिदळले, "म्हातारी झाली व तू!" तिनं ताटली माझ्या हाती दिली. "तू फिरव. तुले येते आता." आणि मी, पहिला नंबर आल्यासारखी फुगले... तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही.

वर्षाशी मी बोलते. तिच्या स्कूटीवर मात्र बसत नाही. ताटली गोठ्याच्या दाराशी खिळ्याला लटकते. परवाच्या रविवारी काढली, मैनेच्या पणतीची धार चारही वाट्यांत घेतली, औषध ओतलं, फिरवत राहिले. चारही वाट्यांतलं दूध पातळच राहिलं. मी उपड्या बादलीकडे वळून मोठ्यानं म्हटलं, "नले, चारही सड साफ हायेत. हे मी तुले सांगून राहिली... सांगतात असं."