परदेशात जाणारी कोलंबी माझ्या पिशवीत

सकाळी झेंडावंदनाला पाहुणे म्हणाले, स्वदेशी माल घ्या. तिथून मी सुट्टीच्या सवयीने थेट मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात गेलो.

नेहमीच्या मावशींकडे आज मोठी कोलंबी होती, तीही स्वस्त. ही तर परदेशात जाते ना, मी विचारलं.

"अमेरिकेनं कर वाढवलान, म्हणून कंपनी घेत नाय. माझी सून त्याच कंपनीत कोलंबी सोलायला जायची. आज झेंड्याची सुट्टी, आणि उद्यापासनं येऊ नको म्हणाले."

माझ्या तोंडातून सवयीचंच निघालं, "वर दोन घाला."

एरवी त्या दोनांसाठी मावशी भांडतात. आज सरळ मूठभर घातली.

घरी कोलंबी बघून सगळे खूश. हे स्वदेशी घेणं झालं की आणखी काही, मला कळत नाहीये. तुम्ही ती मूठ घेतली असती?