सहीआधीचा विडा

हे मी मराठीत का लिहितोय ते आधी सांगतो. माझ्या घरात मराठी वाचता येणारं कुणी नाही. बायको बोलते, मुलांना कळतं, पण उत्तर तमिळमध्ये देतात. देवनागरी मी विशी उलटल्यावर, कुणी न शिकवता, स्वतःच्या जिद्दीनं शिकलो. त्या लिपीचा आता उपयोग काय होतोय — लपायला. बायकोला सांगितलं नाही, वडिलांच्या फोटोपुढे उभं राहूनही तोंडातून निघालं नाही, ते तुम्हाला सांगतो. तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही. एवढ्या अंतरावरून जमेल असं वाटतं.

मी बी.ए. आहे. हसू नका — ही गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येत नाही. तंजावूरच्या स्टेशनाबाहेर माझे वडील जटका चालवत. आजोबाही घोड्याच्या शेपटीमागेच बसले. आमच्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. कुंभकोणमला कॉलेज, रोज बसनं जाऊन येऊन. ती बस तुळजामामा चालवायचे.

सख्खे मामा नव्हेत. वडिलांचे दोस्त, आमच्याच मराठी आळीतले. मला ते ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणावर बसवत. झाकण तापायचं, खाली पोतं घालायचे. पापनाशम येईपर्यंत मी धडा मोठ्यानं वाचायचा, इंजिनाच्या वर आवाज काढून. त्यांना इंग्रजी ओ की ठो कळत नसे. पण मी अडखळलो की त्यांना बरोबर कळे. "पुन्हा म्हण, किट्टू. गियर पडला नाही नीट." म्हणजे मी जो काही झालो, तो त्या झाकणावर बसून झालो — हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

पास झाल्यावर त्याच बसकंपनीत मला कारकुनी मिळाली. टाय नव्हता, पण टेबल होतं, खुर्ची होती. आणि त्याच वर्षी मामा सापडले.

आमच्या मद्रास राज्यात तेव्हा दारूबंदी होती. पण कावेरीकाठच्या नारळीच्या बागांतून हवी तितकी गाळली जायची, हे पोलिसांपासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत. एका दुपारी पापनाशमच्या स्टँडवर मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेले सापडले. गाडीत माणसं भरलेली. वास लपण्यासारखा नव्हता. मालकांनी — आम्ही मुदलाळी म्हणायचो — त्यांना पोलिसांत दिलं नाही, पण गाडीवरून उतरवलं. आठ महिने मामा शेडमध्ये बसगाड्या धुवत होते. तीस वर्षं चाक हातात धरलेला माणूस, हातात काथ्याचा बोळा. त्या आठ महिन्यांत त्यांनी थेंब घेतला नाही. हे मी नक्की सांगतो, कारण संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच घरी चालत जायचो.

मग मीच मुदलाळींना इंग्रजीत अर्ज लिहिला. मामांना परत गाडी द्यावी, मी जामीन आहे, वगैरे. अर्ज झकास होता. मुदलाळींनी तो दोनदा वाचून घेतला आणि मला धाकट्या भावासारखं तंबी म्हणून सांगितलं, "ठीक आहे, तंबी. लांबची लाइन नाही. तिरुवैयारूची छोटी ट्रिप देऊ. पण रोज सकाळी गाडी काढण्याआधी तो तुझ्यासमोर तोंड उघडेल, तू वास घेशील, वहीत लिहिशील. तुझी सही झाली तर चावी मिळेल."

अशी ती वही सुरू झाली. तारीख, नाव, पुढे इंग्रजीत 'फिट', खाली माझी सही. सहीत मी बी.ए. लिहायचो. कुणी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी सगळ्या शेडदेखत मामा माझ्या टेबलाशी यायचे, वाकायचे आणि "हा—" करायचे. बाकीचे ड्रायव्हर त्यांना रायर म्हणत. मराठी माणसाला इकडे तसंच म्हणतात. एकजण रोज ओरडायचा, "रायर, आज सांबारात हिंग जास्त पडला का? विचारा तुमच्या बी.ए.ला." दुसरा म्हणायचा, "एवढं जवळ तोंड तर मी बायकोच्याही नेत नाही." मामा हसायचे. खरंच हसायचे. त्यांना त्याची लाज वाटत नव्हती — मला वाटायची. ज्यांनी बुडाखाली पोतं घातलं, त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा?

आणि एक गोष्ट. मामांना उठल्याबरोबर विडा लागायचा. पण वही सुरू झाल्यापासून त्यांनी नेम केला, की सही होईपर्यंत पान तोंडात घालायचं नाही. कुणी म्हणायला नको की पानाखाली वास दडवला. मामी विडा करून केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून देत. मामा तो खाकी शर्टाच्या खिशात ठेवत. मी सही केली की तिथेच उभं राहून पुडी सोडत, विडा गालात सारत आणि चावी उचलत. सगळ्या शेडला हा क्रम पाठ होता. आधी सही, मग विडा.

पहिला महिनाभर मी नीट वास घेतला. नंतर हातभर अंतरावरून. मग — आता सांगतोच — घेतच नव्हतो. ते "हा—" करायचे तेव्हा मी 'फिट' लिहून मोकळा झालेला असायचो. कंटाळा, लाज, विश्वास, काय म्हणाल ते म्हणा. पण माझा गुन्हा तो नाही. तेवढाच असता तर तो मी कधीच हसत हसत कुणालाही सांगितला असता.

मुदलाळी त्या वहीची गोष्ट चारचौघांत सांगू लागले. आमच्या बी.ए.नं एक माणूस सुधारला, म्हणून. मी ऐकायचो आणि नाही म्हणायचो नाही. मामांनी स्वतःला सुधारलं होतं, काथ्याच्या बोळ्यानं. पण श्रेय माझ्याकडे चालत आलं आणि मी त्याला खुर्ची दिली.

पोंगल झाला होता, भाताची कापणी चालू होती. त्या सकाळी मुदलाळी एका पाहुण्याला घेऊन शेडमध्ये आले. कुंभकोणमचा बसमालक, अंगठ्या घातलेला. त्याच्याकडेही दोन पिणारे ड्रायव्हर होते. आमची वही पाहायला आला होता तो. ती वही टेबलावर उघडी, मी इस्त्रीच्या शर्टात.

मामा थोडे उशिरा आले. डोक्याला तेल, शर्टाची बटणं लावलेली, चालणं सरळ. त्यांनी खिशातून विड्याची पुडी काढली आणि वहीवर ठेवली. असं कधी करत नसत. मग वाकून, मराठीत, हळू म्हणाले, "किट्टू, आज वास नीट घे."

मी पाहुण्याकडे बघत हसलो. वाकलो नाही.

तेव्हा ते म्हणाले — शब्द अजून जसेच्या तसे कानात आहेत, आमच्या तंजावरी बोलीतले — "मी काल घेतलों रे. पुष्कळ. अजून उतरली नाही. आज मज गाडी देऊ नको. मुदलाळींस तू सांग, मज सांगवत नाही."

शेडमध्ये पंधरा माणसं होती. मराठी कळणारे आम्ही दोघंच.

"रायर काय म्हणतात?" मुदलाळींनी विचारलं.

बघा, इथं थांबतो मी दर वेळी. इतकी वर्षं इथंच थांबतोय. एवढंच म्हणायचं होतं, की यांना आज बरं नाही. तेही पुरलं असतं. पाहुणा समजून हसला असता, माझी वही हास्यास्पद झाली असती, दोन दिवस शेडनं टवाळी केली असती. बस. एवढीच किंमत होती.

मी तमिळमध्ये म्हणालो, "दुसऱ्या ट्रिपची वेळ विचारतायत."

आणि त्यांना मराठीत म्हणालो, चेहरा हसरा ठेवून, "मामा, आज नाही. आज हे लोक आलेत. एकच ट्रिप करा, मग बघू. विडा खाऊन घ्या आणि जा." पेनाच्या टोकानं पुडी त्यांच्याकडे सरकवली.

ते माझ्याकडे बघत राहिले. धडा अडखळला की बघायचे, तसे. मग पुडी सोडून विडा तोंडात घातला. तो घातल्यावर मी सही केली. रोजच्या उलट. पाहुणा म्हणाला, अक्षर छान आहे.

कंडियूरच्या अलीकडे शेतकऱ्यांनी रस्त्यावर भाताच्या पेंढ्या पसरल्या होत्या. इकडे कापणीच्या दिवसांत तसंच करतात. गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते आणि बायका मधूनमधून दाणे झाडून घेतात. एक बाई वाकून झाडत होती. अंजलै तिचं नाव. मामांनी ब्रेक लावला, पण उशिरा लावला, आणि पेंढ्यावरून गाडी घसरत गेली.

पेंढ्यावरून कुणाचीही घसरली असती, असं मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल? शुद्धीतल्या माणसाचा ब्रेक वेळेवर लागला असता की नाही, कुणाला माहीत? मला माहीत नाही. पण गाडीवर त्या दिवशी कोण बसायला नको होतं, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आणि त्यातल्या दुसऱ्या माणसानं ते मला आधीच सांगितलं होतं.

पोलिसांना वास आला. वही मागवली. 'फिट', माझी सही. मला विचारलं, तुम्हाला कसा आला नाही? मी म्हणालो, "ते विडा चघळतच आले होते. त्यामुळे कळलं नाही."

रोज सहीनंतर खाणारा माणूस त्या दिवशी आधी खाऊन आला — म्हणजे ठरवून फसवलं. दुसरा अर्थ निघतच नव्हता. शेडमधल्यांनी पुडी वहीवर पाहिली असेल, पण कंपनीच्या वहीविरुद्ध कुणी साक्ष दिली नाही. कंडक्टरनंही सांगितलं, गाडीत चढताना पान तोंडात होतं. ज्या नेमानं मामा आपली अब्रू राखत होते, त्याच नेमानं मी त्यांना बांधून दिलं. कोर्टात मी हेच इंग्रजीत सांगितलं. एक वाक्य पुन्हा म्हणायला लागलं नाही. सगळे गियर नीट पडले.

मामांना विचारलं, हे खरं आहे का. ते क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाले, "आमा." हो.

का म्हणाले? मला वाचवायला? की त्या बाईच्या मरणापुढे दुसरं काही बोलण्यासारखं उरलंच नव्हतं? आणि आदल्या दिवशी का प्यायले, इतक्या महिन्यांनी? तेही मी कधी विचारलं नाही. त्या सकाळी नाही, नंतरही नाही. दोन वर्षांनी सुटून आले तेव्हा मी कंपनीचा मॅनेजर झालो होतो. ते देवळापाशी सायकली सांभाळत बसायचे. मी दुसऱ्या गल्लीनं जायचो.

गेल्या आषाढात ते गेले. मला त्यांच्या घरी जावंच लागलं. इकडच्या रिवाजाप्रमाणे मेलेल्याच्या मुखात एकेकानं तांदळाचे दाणे घालायचे असतात. मामी भिंतीला टेकून कुणाला तरी सांगत होत्या, "तिकडून आल्यापासून पानास हात लाविला नाही. का म्हणून विचारिलें, सांगितलें नाही." मग मला पाहून म्हणाल्या, "ये किट्टू, घाल तू. तुझ्यावर फार जीव."

मी वाकलो. अगदी जवळ. त्या चेहऱ्याच्या इतक्या जवळ मी वहीच्या पहिल्या महिन्यानंतर गेलो नव्हतो. तोंड किंचित उघडं होतं. मी श्वास आत घेतला — नीट घेतला, त्यांनी सांगितलं होतं तसा. कापूर होता, तुळस होती. बाकी काही नव्हतं. माझ्या मागची माणसं थांबली होती, तरी मला उठवेना.

कोर्टातून परत आलेली वही मी शेडमध्ये ठेवली नाही, घरी आणली. पुस्तकांमागे आहे. त्या तारखेच्या पानावर तेलाचा एक डाग आहे, पुडी ठेवली होती तिथं. डागाशेजारी 'फिट'. खाली माझं नाव, आणि नावापुढे बी.ए.